मास्तरांच्या पँटचा उजवा पाय

माझे वडील उभ्याने पँट घालेनासे झाले, हे मला कळलं तेव्हा त्याला बरेच दिवस होऊन गेले असावेत. इस्त्रीचे कपडे ठेवायला मी त्यांच्या खोलीत गेले, तर ते पलंगाच्या कडेला बसून दोन्ही पाय पँटमध्ये घालत होते. मग पलंगाच्या कठड्याला धरून उठले, सगळा भार उजव्या पायावर टाकला आणि पँट वर ओढली. उभं आयुष्य लोकांच्या पँटी बेतण्यात गेलेल्या माणसाची ही तऱ्हा.

"काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. कंबर."

"कुठे ते दाखवा."

त्यांनी हात ठेवला तो कमरेवर नव्हताच. डाव्या बाजूला, खिशाच्या खाली, मांडीच्या बाहेरून हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे होता. पण बरगड्यांच्या खाली आणि गुडघ्याच्या वर जे काही दुखतं त्याला आमच्या घरात कंबर म्हणतात, आणि कंबर म्हटलं की मलम. मी मलमाची ट्यूब त्यांच्या हातात दिली आणि पळाले. मी कुरिअरच्या ऑफिसात पाकिटं लावते. तिथे उशिराला माफी नसते.

वडिलांना सगळे मास्तर म्हणतात. कटिंग मास्तर. ते काम करतात तो कारखाना म्हणजे एक लांबट हॉल, शिलाई मशिनांच्या दोन रांगा, भिंतीशी इस्त्री आणि मधोमध कटिंगचं टेबल. शाळांचे आणि दवाखान्यांचे गणवेश तिथे होतात. कापडाचे थर टेबलावर एकावर एक पसरायचे, वरच्या थरावर खडूने आखायचं आणि कटिंग मशीन त्या रेषेवरून फिरवायचं. हे काम बसून होत नाही. मास्तर टेबलाच्या एकाच कोपऱ्याला उभे राहायचे. डावा खुबा टेबलाच्या कडेला टेकलेला, सगळं अंग त्या डाव्या पायावर सोडून दिलेलं, उजवा पाय खालच्या आडव्या दांडीवर. तिथल्या कडेचा रंग केव्हाच उडालाय आणि लाकूड गुळगुळीत झालंय. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच वडील असे तिरके उभे राहतात.

माझी आई त्याच हॉलमध्ये खिडकीशी स्टुलावर बसून काजं, बटणं आणि हातशिलाई करायची. हात आणि तोंड सारख्याच वेगाने चालायचं. नवऱ्याला तीही मास्तरच म्हणायची. चहा आला की मशिनांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडायची, "मास्तर, बसा!" आणि हा माणूस, जो मालकीणबाईंचंही ऐकताना आधी हातातली रेष पुरी करायचा, तो गुमान येऊन तिच्या शेजारच्या स्टुलावर बसायचा. त्यांच्या संसारात मी पाहिलेलं सगळं लाडाचं बोलणं म्हणजे एवढंच.

मागच्या वर्षी आई गेली. दुखणं लांबलं नाही. मला रडू आलं नाही. आज येईल, उद्या येईल म्हणून वाट पाहिली, मग नाद सोडला. वडिलांचंही तसंच असावं. घरात आम्ही एकमेकांच्या वाटेत न येता वावरायचो. टीव्ही लागलेला असायचा, पण त्यात काय चाललंय हे कोणी विचारलं असतं तर दोघांनाही सांगता आलं नसतं. भाजीत मीठ राहिलं तरी आम्ही जेवून उठायचो, आणि ते राहिलं होतं हे मला ताटं घासताना आठवायचं. कशाचं काही वाटतच नव्हतं. कारखान्यातही आता त्यांना बसा म्हणणारं कोणी नव्हतं, म्हणून ते बसत नव्हते. चहा टेबलावर यायचा आणि उभ्यानेच संपायचा.

मग एका रविवारी दोरीवरचे कपडे काढताना मला ती पँट दिसली. उजवा पाय डाव्यापेक्षा चांगला बोटभर आखूड. दुसरी पँट पाहिली, तीही तशीच. तिसरीचा फरक जरा कमी होता. ती जुनी असणार.

"बाबा, हा काय प्रकार? कटिंग मास्तरच्या पँटचा एक पाय आखूड? बाहेर कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही."

"आखूड नाही. बरोबर आहे."

"डोळे फुटलेत का माझे?"

"डावा पाय आटलाय माझा," ते म्हणाले. हे त्यांनी एखाद्या गिऱ्हाइकाबद्दल सांगावं तसं सांगितलं. उजवीकडची पँट जमिनीला घासायला लागली होती. आधी थोडी, मग जास्त. म्हणजे डावी बाजू वर गेली. सुती कापडाचं तसंच होतं. एक बाजू आटली की ती ओढून परत वाढत नाही, उगाच उसवत बसू नये. दुसरी बाजू तिच्या मापाने घ्यावी. त्यांनी तेच केलं होतं, आणि फरक वाढला तसं पुन्हा केलं होतं.

"माणूस म्हणजे मांजरपाट आहे का आटायला?"

"बरं," ते म्हणाले.

हे "बरं" मागच्या वर्षापासूनचं. त्यात होकार नसायचा, नकार नसायचा, रागही नसायचा. दार लोटून घ्यावं तसं ते यायचं आणि बोलणं संपायचं. आणि खरं सांगायचं तर त्यांचं काम चोख होतं. पँटचे दोन्ही पाय जमिनीपासून सारख्या अंतरावर, त्यामुळे तिरकेपणा नजरेत भरायचा नाही. कारखान्यातल्या बायका, ज्यांना कोणाच्या बाहीतला उसवलेला टाका खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो, त्यांनाही काही कळलं नव्हतं.

टेबलाने मात्र चुगली केली. थर कापताना टेबलाला वळसा घालून पलीकडून जावं लागतं. तो वळसा त्यांना जड जायला लागला. मग ते आहे त्याच कोपऱ्यातून वाकून, हात लांब करून पलीकडचं कापू लागले. अशाने मशीन किंचित कलतं. वरचे थर रेषेवर कापले गेले आणि खालचे सरकत गेले. पँटींचा एक अख्खा ढीग तळाशी तिरका निघाला. शिवायला घेतल्यावर ते कळलं.

मालकीणबाई स्वतः घरी आल्या. बाई वाईट नाहीत. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या, पाण्याचा पेला हातात धरून राहिल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, शाळांचा सीझन तोंडावर आलाय. तोवर बरं वाटलं तर टेबल तुमचंच. नाहीतर मला दुसरा माणूस बघायला लागेल. तुम्हाला मी सोडत नाही. तयार मालाच्या तपासणीला बसा, खुर्चीवर, आरामात."

"बरं," वडील म्हणाले.

मला त्या शब्दाचा असा संताप आला की मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. वर्षभरात मला वाटलेली ती पहिली गोष्ट असेल. तपासणीच्या खुर्चीवर बसलेला माणूस कसा दिसतो ते मी रोज संध्याकाळी घरी बघत होते. दिवसातले जे काही तास हा माणूस थोडाफार जिवंत होता, ते त्या टेबलापाशी. ते टेबल गेलं की संपलंच, आणि ते द्यायला हा माणूस "बरं" म्हणून मोकळा झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे काढून घेतला, सांध्यात काळजीचं काही नाही म्हणाले आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. फिजिओथेरपीचा दवाखाना चपलांच्या दुकानाच्या वर निघाला. दुखऱ्या माणसांना जिना चढायला लावण्याची अक्कल कोणाची कोण जाणे. वडील कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढले. वर दारात फिजिओबाई उभ्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, बाह्या दुमडलेल्या.

"जिना मी मुद्दाम बघते," त्या म्हणाल्या. "निम्मं तिथेच कळतं. कुठे दुखतं?"

"कंबर," मी म्हटलं.

"त्यांना बोलू द्या."

वडिलांनी हात ठेवला. बाईंनी त्या जागी अंगठ्याने दाबलं आणि वडिलांचा श्वास अडकला. जांघेत दुखतं का, पाठीतून पायात कळ उतरते का, मुंग्या येतात का, असं एकेक विचारत गेल्या. नाही, नाही, नाही. "खुब्याचा सांधा बिघडला की बहुतेक वेळा पुढे, जांघेत दुखतं," त्या मला म्हणाल्या. "पाठीचं असेल तर मागून खाली उतरतं. यांचं बाजूला आहे. त्या कुशीवर झोपलं की दुखतं ना? जिन्याला? खुर्चीवरून उठताना?" वडील मान हलवत राहिले.

मग त्यांनी टेप काढला आणि वडिलांना झोपवून कमरेच्या हाडापासून घोट्यापर्यंत पाय मोजले. टेप पाहिल्यावर वडिलांनी मान उचलली.

"सारखे आहेत," बाई म्हणाल्या.

"परत घ्या."

"काय?"

"टेप जरा सैल होता तुमचा. परत घ्या."

बाईंनी निमूट परत मोजलं. सारखेच. वडील छताकडे बघत राहिले. मग त्यांनी मला सोबत आणलेल्या पिशवीतून दुसरी पँट काढायला सांगितली आणि आटलेल्या पायाची सगळी हकीकत त्या बाईंना ऐकवली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. त्यांनी वडिलांना आरशासमोर उभं केलं, दोन्ही हात त्यांच्या कमरेच्या हाडांवर ठेवले आणि म्हणाल्या, "आता नुसत्या डाव्या पायावर उभे राहा."

उजवा पाय उचलल्याबरोबर उजवीकडचं हाड खाली घसरलं, ते मलाही दिसलं. वडिलांनी भिंत धरली. चेहरा पांढरा पडला होता.

"पाय आटला नाही, कंबर कललीय," बाई म्हणाल्या. "एका पायावर उभं राहिलं की कमरेचं हाड सपाट धरायला इथे बाजूला स्नायू असतात. तुम्ही त्यांना काम दिलंच नाही, वर्षानुवर्षं नुसते त्यांच्यावर लोंबकळलात. ते दुबळे झाले. आणि त्यांना हाडाशी बांधणारी जाड दोरी असते ना, ती त्या उंचवट्यावर दाबली जाऊन दुखावली."

"झिजली?"

"दुखावली. बेतानं काम दिलं तर परत ताकद धरते. अंग आहे हो मास्तर, कापड नाही."

मग त्यांचं सांगणं सुरू झालं. टेबलाला खुबा टेकवायचा नाही. दोन्ही पायांवर सारखा भार. पायावर पाय टाकून बसायचं नाही. तिथे चोळायचं नाही, ताणायचं नाही, मलमाने आत काही पोचत नाही. अधूनमधून बसायचं. व्यायाम रोज. थोडं दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त वाटलं तर व्यायाम कमी करायचा. बंद नाही, कमी. आठवड्यांत नाही, महिन्यांत फरक पडेल. "आणि डाव्या कुशीवर झोपायचं नाही. उजव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन."

"उजव्या कुशीची सवय नाही," वडील म्हणाले.

"लागेल."

त्या बाईंना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं. उजव्या कुशीवर वळलं की समोर आईची बाजू येते. वर्षभर ते भिंतीकडे तोंड करून, नेमके त्या दुखऱ्या बाजूवर झोपत होते. वडिलांनी खाली बघितलं आणि "बरं" म्हणाले.

सांगितलेलं ते करायचे, हे कबूल करायला हवं. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची. भिंतीशी उभं राहून डाव्या पायाने भिंत बाहेर ढकलायची, पाय न हलवता. नंतर पॅसेजमध्ये गुडघे किंचित वाकवून आडवं चालायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. माझी दाराशी उभं राहून टवाळी चालायची, "खेकडे निघाले फिरायला." ते हसायचे नाहीत, रागावायचेही नाहीत. लोकांच्या कपड्यांना इस्त्री मारावी तसे व्यायाम करायचे आणि टीव्हीसमोर येऊन बसायचे. कसं वाटतंय विचारलं तर "ठीक".

मध्येच एकदा त्यांनी हात दाखवून अवलक्षण केलं. जरा बरं वाटलं म्हणून सगळं दुप्पट करून टाकलं, आणि सकाळी पलंगावरून उठता येईना. मग एकदम बंद. "उपयोग नाही, मी म्हटलंच होतं," असं म्हणून पुन्हा भिंतीकडे तोंड. मी फोन करून बाईंना सांगितलं. त्यांनी फोन वडिलांना द्यायला लावला. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. वडील खूप वेळ नुसते ऐकत होते. मग उठले आणि निम्मे व्यायाम केले.

कारखान्यातलं बसणं मात्र काही जमेना. सवयीने उभे राहायचे, सवयीने खुबा टेकायचा, आणि घरी यायचे ते पाय ओढत. शेवटी मी एका दुपारी तिथे गेले. आईच्या स्टुलावर आता एक नवी बाई काजं करते, अबोल, खाली मान. मी तिला म्हटलं, "ताई, एक काम करा. चहा आला की ओरडा, मास्तर बसा."

"मी? मास्तरांवर ओरडू?"

"ओरडा. शिव्या मी खाते."

चहा आला. बिचारी दोनदा घसा खाकरली आणि ओरडली. आवाज पार चिरकला. हॉलमधल्या मशिनी एकेक करून थांबल्या. सगळ्यांना कळलं होतं. वडिलांच्या हातातला खडू टेबलावर टेकलेला होता, तो तसाच राहिला. मला वाटलं, आता हे निघून जाणार. ते वळले, सावकाश चालत खिडकीपाशी आले आणि शेजारच्या स्टुलावर बसले. चहा संपेपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. दुसऱ्या दिवसापासून ती बाई रोज ओरडायला लागली, आणि आवाजही सुधारला.

सीझन आला तोवर ते पुरते बरे झाले नव्हते. मालकीणबाईंनी मोठ्या थरांसाठी एक नवा कटर ठेवला. सकाळचं टेबल मास्तरांचं, दुपारचं त्याचं, आणि दुपारी मास्तर तपासणीच्या खुर्चीवर. मला वाटलं, आपण हरलो. पण सकाळी ते टेबलाला वळसा घालून पलीकडे जात होते, आणि त्यांच्या थरांत तळाचा तुकडा वरच्यासारखाच निघत होता. मालकीणबाईंनी मला तो मुद्दाम दाखवला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कारखान्यातल्या बायकांनी त्यांना चिडवायला सुरुवात केली. "मास्तर, पूर आलाय का? पँट वर खोचलीय ती!" उजवा घोटा उघडा पडत होता. मोजा दिसत होता. वडील घरी येऊन आरशासमोर उभे राहिले, आणि मीही पाहिलं. कंबर सरळ झाली होती. पँट तेवढी तिरकी राहिली होती.

"द्या इकडे," मी म्हटलं. "उसवून खाली सोडते. एवढी हातशिलाई मला येते."

ही विद्या मी आईकडून आणि त्यांच्याकडूनच शिकले. त्यांच्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक पँटला तळाशी जास्तीचं कापड आत दुमडलेलं असतं. मूल वाढेल, माणूस जाड होईल, पुढे लागेल. त्यावरून त्यांनी कितीतरी नव्या कारागिरांना फैलावर घेतलंय. मी दिवा जवळ ओढला, उजवा पाय उलटा केला आणि टाके उसवले. आत काही नव्हतं. दुमड नावापुरती, टाका धरेल एवढीच, आणि त्यापुढे कापड कात्रीने साफ उडवलेलं. दुसरी पँट उलटली, तीही तशीच. तिसरीही.

"बाबा, आतलं कापड?"

"कापून टाकलं."

"तुम्ही? का?"

ते दारात उभे होते. मग म्हणाले, "म्हटलं, आता कशाला लागणार."

पँट माझ्या मांडीवर होती. मला आधी कळलंच नाही की मी रडतेय. हुंदका आला तेव्हा कळलं. मग मात्र आवरेना. आई गेल्यापासूनचं सगळं, मिठाशिवायची ती जेवणं, तो टीव्ही, भिंतीकडे तोंड केलेली ती पाठ, सगळं एकदम आलं. मी उठून मोरीकडे जायला लागले, तर ते आडवे आले. माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचाही चेहरा ओला होता.

"बस," ते म्हणाले. "बस जरा."

आम्ही दोघं पलंगावर बसलो, आईच्या बाजूला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी नवी पँट कापली, टेबलापाशी दोन्ही पायांवर उभं राहून. हातशिलाई त्यांनीच केली, मला करू दिली नाही. घरी आणून ती मला दाखवली आणि माझ्यासमोरच घालायला घेतली, पायजम्यावरूनच. डाव्या पायावर उभे राहिले, उजवा पाय आत घातला. एक हात भिंतीजवळ होता, पण भिंतीला लागला नव्हता. दोन्ही पाय सारखे पडले.

मी खाली बसून तळ उलटा करून पाहिला. दोन्हीकडे आत दुमडलेलं कापड होतं, चांगलं चार बोटं. गिऱ्हाइकालासुद्धा ते एवढं सोडत नाहीत.

"एवढं कशाला?" मी विचारलं.

"असू दे," वडील म्हणाले. "लागेल."